पौर्णिमेचा रविवार सोडला: मनोरीच्या खाडीतल्या एका कायाक सहलीची आखणी

बोरिवलीतल्या एका सोसायटीचा दहा जणांचा गट. वयं एकोणीस ते साठ. दोघांनी याआधी कोकणात थोडं वल्हवलेलं, बाकीच्यांचा कायाकशी संबंध मोबाइलवरच्या व्हिडिओपुरता. निमित्त होतं गटातल्या काकांची साठी. सहल आखणारा मुलगा सॉफ्टवेअरमधला आणि कामाचा नीटस. त्यानं मला व्हॉट्सॲपवर आराखडा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, फक्त एकदा नजर टाका, बाकी सगळं ठरलंय.’

ठरलं होतं ते असं. माघी पौर्णिमेचा रविवार. सकाळी साडेसातला खाडीच्या मुखाशी असलेल्या मार्वेहून पाण्यात उतरायचं आणि भरतीसोबत मनोरीच्या खाडीतून आत गोराई-बोरिवलीच्या बाजूला जायचं. पाचसहा किलोमीटर अंतर, दोन तास. तिथे तिवरांच्या सावलीत नाश्ता, केक आणि ड्रोननं एक व्हिडिओ. साडेबाराला ओहोटीसोबत परत, अडीचला मार्वे. खाली ठळक अक्षरांत: ‘जाताना भरती, येताना ओहोटी. दोन्ही वेळा पाणी आपल्या बाजूनं!’

हा आराखडा आळशी माणसाचा नव्हता. त्यानं भरतीचं पत्रक पाहिलं होतं, अंतर मोजलं होतं, उन्हाचाही विचार केला होता. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. बेफिकीर माणसाचा आराखडा वाचताच फाडता येतो. इथे प्रत्येक ओळ बरोबर होती आणि सगळ्या मिळून दहा नवशिक्यांना दुपारी अडीच वाजता खाडीच्या मुखावर नेऊन सोडत होत्या.

आधी पाणी बघू. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. वेळ काढायची कोळीवाड्यातली रीत अजूनही उपयोगाची आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पत्रकात अपोलो बंदराची वेळ या हिशेबाच्या थोडी मागेपुढे असते, पण ढोबळ चित्र पाऊणपटीनं डोक्यात पक्कं बसतं. त्या रविवारी पत्रकाप्रमाणे पूर्ण भरती बाराच्या सुमारास होती आणि पौर्णिमा असल्यानं ती उधाणाची होती. मुंबईत उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. अष्टमी-नवमीच्या आसपास, म्हणजे भांगाला, तोच फरक दीड मीटरच्या आसपास उतरतो. खाडी तीच आणि तिचं मुखही तेवढंच. सहा तासांत त्या मुखातून बाहेर पडायचं पाणी मात्र दुपटीहून जास्त.

हे सहा तासही सारखे नसतात. फरकाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग पाणी उतरतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. बाराला भरती, म्हणजे तिसरा तास दोन ते तीन. आपली मंडळी अडीचला मुखाशी पोचणार, तेव्हा एका तासात जवळजवळ एक मीटर पाणी सगळ्या खाडीतून उपसून समुद्राकडे धावत असणार.

त्यात वारा. माघात सकाळी जमिनीकडून मंद मतलई वारा असतो. तो दहा-अकराला पडतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा चढतो. दोन-तीनच्या सुमारास त्याचा जोर असतो. पाणी बाहेर निघालेलं आणि वारा आत येणारा, अशी दोघांची गाठ मुखावर पडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. मोठ्या होडीला त्याचं काही वाटत नाही. सपाट बुडाच्या भाड्याच्या कायाकमध्ये बसलेल्या, पाच तास उन्हात काढलेल्या आणि केक खाल्लेल्या माणसाला मात्र तिथे वल्हं कुठे टाकावं हेच कळत नाही. आणि मार्वेचा धक्का चुकला तर पुढे काय? पुढे उघडा समुद्र. १६ जुलै २०२३ ला मार्वेला पाण्यात ओढल्या गेलेल्या पाच मुलांपैकी दोघांनाच वाचवता आलं. तो पावसाळा होता, ती मुलं पोहायला उतरली होती, परिस्थिती वेगळी होती. पण ते मुख तेच.

मनोरीच्या एका नाखव्याला मी ही वेळ सांगितली. त्यानं आराखडा न बघताच उत्तर दिलं: ‘पुनवेला पानी लय जोरान भायेर जातं. मुखावर तुमचं ते प्लास्टिकचं वल्हं काय कामाचं नाय.’

तर ‘दोन्ही वेळा पाणी आपल्या बाजूनं’ हे वाक्य खरं असूनही घातक होतं. वाहतं पाणी आपल्या बाजूचं आहे की नाही, हे त्याची दिशा बघून कळत नाही. काही बिघडलं, वल्हं सुटलं, कुणी दमलं, कायाक उलटली, तर ते पाणी आपल्याला कुठे नेऊन सोडेल, हे विचारायचं. पौर्णिमेच्या दुपारी उत्तर होतं समुद्रात. मला असं पाणी हवं होतं, जे चुकलेल्या माणसाला घराकडे ढकलेल.

हे पटलं की बाकीचा आराखडा आपोआप उलटा होतो. सुरुवात मुखाकडून करायची नाही, आतून करायची. म्हणजे बोरिवलीच्या बाजूच्या गोराई जेट्टीकडून. ताजे असताना भरतीच्या उरल्यासुरल्या जोराविरुद्ध मुखाच्या दिशेनं वल्हवायचं आणि परतताना तीच भरती पाठीशी घ्यायची. भरतीचे शेवटचे दोन तास मिळून बारातले तीनच भाग, तेव्हा विरोध सोसवण्याइतका आणि गाळावर पाणीही पुरेसं. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची. ओहोटीच्या तळाशी या खाडीचे काठ उघडे पडतात. तो गाळ वरून घट्ट दिसतो आणि पाय ठेवला की मांडीपर्यंत घेतो. त्यामुळे ‘पाणी स्थिर असताना, म्हणजे ओहोटीच्या तळाला निघू’ ही सूचना, जी गटातूनच आली, तीही बाद झाली.

मग सकाळी नऊ ते साडेनऊला भरती पूर्ण होईल असा दिवस हवा. पाऊणपटीनं ती द्वादशी आली. पौर्णिमा रविवारी असेल तर पुढच्या रविवारी सप्तमी-अष्टमी, त्याच्या पुढच्या रविवारी चतुर्दशी-अमावास्या. म्हणजे हवी ती तिथी जवळच्या रविवारी येतच नव्हती. येत होती ती दोन आठवड्यांनी शनिवारी, माघ वद्य द्वादशीला, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी. यावर गटात जी चर्चा झाली ती इथे देत नाही. दोघांना शनिवारी ऑफिस होतं, एकीची शाळा होती, आणि काकांचा वाढदिवस तर पौर्णिमेलाच. वाढदिवस घरी साजरा करा आणि सहल शनिवारी करा, एवढंच मी म्हटलं. शाळेच्या बाईंनी अर्धी रजा टाकली. ऑफिसवाल्यांपैकी एक गळाला. नऊ उरले. नवशिक्यांच्या गटात चार जणांमागे एक जाणता असावा असं मी धरते, त्या हिशेबानं नऊ हा आकडा दहापेक्षा बराच.

एक फाटा मध्येच फुटला होता, तो सांगायला हवा. शनिवारच करायचा तर ऐरोलीला का नाही, फ्लेमिंगो दिसतील, असं कॉलेजातल्या भाचीनं सुचवलं. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तिथे आपल्या मर्जीनं कायाक घालायची नसते, वनखात्याची परवानगी लागते. परवानगी बाजूला ठेवली तरी पाण्याचाच मेळ बसत नाही: हे पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावर चरतात, तेव्हा कायाकला पाणी नसतं. आणि त्यांच्या जवळ जाण्याच्या नादात थवा उठला की शेकडो किलोमीटर उडायची त्यांची शिदोरी आपण उगाच खर्च करायला लावतो. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून वनखात्याच्या बोटी सुटतात, त्यातून बघा. विषय तिथे संपला.

आता वेळेचं गणित. गटाचा वेग म्हणजे गटातल्या सगळ्यात हळू माणसाचा वेग. नवशिका माणूस स्थिर पाण्यात ताशी साडेतीन किलोमीटरनं तासभर वल्हवू शकतो. त्याहून जास्त धरणं ही स्वतःची फसवणूक. खाडीत पाणी किती जोरानं आत येतं हे कागदावर सापडत नाही, म्हणून आखणाऱ्या मुलाला मी शुद्ध द्वादशीला, म्हणजे साधारण तशाच पाण्याच्या दिवशी, सकाळी जेट्टीवर पाठवलं. त्यानं पावलं टाकून वीस मीटर मोजले आणि नारळाची करवंटी पाण्यात सोडली. साडेसातच्या आसपास तिला तेवढ्याला पाऊण मिनिट लागलं. म्हणजे ताशी दीड किलोमीटरच्या थोडं वर. साडेतीनातून दीड वजा, उरले दोन. सव्वासातला निघालं तर सव्वा तासात अडीच किलोमीटर. परतताना पाणी पाठीशी, पण मंदावलेलं, तेव्हा पाऊण तास धरला. नऊ-सव्वानऊला जेट्टी. पत्रकात भरती नऊ-पंचवीसची होती आणि खाडीत आत ती थोडी उशिरानंच पूर्ण होते. म्हणजे हाताशी अर्धा तास शिल्लक.

या सगळ्यातून एक आकडा मी लाल करून परत पाठवला: साडेआठ. साडेआठला जिथे असू तिथून फिरायचं. मुखाजवळची मनोरीची जेट्टी दिसत असो नसो. निघायला उशीर झाला तरी फिरायची वेळ पुढे सरकणार नाही, कारण भरती आपल्या टेंपोची वाट बघत थांबत नाही. आराखड्यात आधी ठिकाणं लिहिलेली होती आणि त्यांच्यापुढे वेळा. आता एकच वेळ होती आणि ठिकाण कुठलंच नाही. मुलाला हे जरा खुपलं. ‘मग आपण जाणार कुठे हे काय सांगू सगळ्यांना?’ सांग, साडेआठपर्यंत.

वाऱ्यासाठी साधा नियम ठेवला. जेट्टीवरून पाण्यावर पांढरी शेंडी दिसली, एक-दोनसुद्धा, तर उतरायचं नाही. वारा ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास गेला की अशा शेंड्या दिसू लागतात, त्याला ॲप लागत नाही. ॲप बघायचं ते आदल्या दोन दिवशी, दिवस रद्द करायचा का हे ठरवायला.

परवानग्या आणि कळवणं. महाराष्ट्रात २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. कायाक भाड्यानं देणाऱ्याला आधी नोंदणीचा कागद मागितला. पहिल्या माणसानं ‘आपल्याकडे सगळं असतं’ म्हणून फोन ठेवला. दुसऱ्यानं कागद पाठवला. जेट्टी फेरीची, तिथे कधी आणि कुठल्या बाजूनं उतरायचं हे फेरीवाल्यांशी आणि मेरिटाइम बोर्डाच्या स्थानिक माणसांशी बोलून ठरलं. सागरी पोलिसांना नावं, संख्या, वेळ आणि रंग लेखी कळवले. रंग अशासाठी की दुरून माणूस ओळखू येत नाही, पण नारिंगी कायाक ओळखू येते. ड्रोन काढून टाकला. मार्वेला आयएनएस हमला हा नौदलाचा तळ आहे. मुंबईत विनापरवाना ड्रोन उडवणं कुठेही अंगाशी येतं, तिथे तर विचारायलाच नको.

आता सोबतीची होडी. गटाला ती अनावश्यक खर्च वाटत होती. मी त्याच नाखव्याची छोटी इंजिनाची होडी सकाळपुरती घ्यायला लावली, आणि त्यामागे सुरक्षेइतकंच दुसरंही कारण होतं. खाडी मोकळी दिसते, पण ती कुणाच्या तरी कामाची जागा असते. कुठे बोकशी जाळी खुंटांना बांधलेली, कुठे खेकड्यांचे पिंजरे, कुठे उथळ पाण्यात पाग घेऊन उभा असलेला माणूस. जाळ्याचा दोर पाण्याखाली कुठून जातो हे आपल्याला दिसत नाही. वाहत्या पाण्यात कायाक अशा दोराला आडवी लागली की ती दाबली जाते, उलटते आणि माणूस जाळ्याच्या बाजूला पडतो. मग दोर कापायची वेळ आली तर नुकसान कुणाचं? नाखव्यानं आदल्या संध्याकाळी जेट्टीवर बोटानं रेघ काढून दाखवलं: या वळणापर्यंत डावा काठ धरा, पुढे मधून, खुंटांच्या अलीकडून फिरा. ही माहिती कुठल्याच नकाशात नव्हती. तिची किंमत म्हणून त्याला सकाळचं भाडं मिळालं, हे मला रास्त वाटतं. खाडीत मजा करायला येणाऱ्यांचा तिथल्या माणसांना काही उपयोग व्हायचा असेल तर तो असाच होणार.

तिवरांतला नाश्ता गेला. गोराई-मनोरीची खारफुटी हे सहलीचं उपाहारगृह नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये राज्यभरातल्या खारफुटीच्या नाशावर बंदी घालणारा निकाल दिला, तो तोडीपुरता किंवा भरावापुरता आहे असं समजून लोक आत शिरतात. चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळं ही तिवराची श्वास घेण्याची सोय आहे, आणि दहा माणसं केक कापायला उतरली की पहिली तीच तुटतात. त्यात त्याच काठावर निवट्यांची बिळं, कालवांच्या धारदार कडा आणि भरतीनं आणून टाकलेला शहराचा कचरा. नाश्ता जेट्टीवर आल्यावर, घरच्या डब्यातून. वेफर्सच्या पुड्या पाण्यात न्यायच्याच नाहीत, कारण वाऱ्यानं उडालेली पुडी परत आणायला कुणी वल्हवत जात नाही.

माणसांची तयारी हा खरा वेळखाऊ भाग होता. नऊपैकी सहा जणांनी ‘मला पोहता येतं’ असं छातीवर हात ठेवून सांगितलं. पोहता येणं चांगलंच, पण अंगात लाईफजॅकेट असताना कायाकपासून दूर पोहत जायचंच नसतं. उपयोगाची कला म्हणजे पडल्यावर परत वर चढणं. आठवडाभर आधी सोसायटीजवळच्या तरणतलावात एक कायाक नेऊन प्रत्येकाला मुद्दाम पाडलं. आधी कायाक धरायची, मग वल्हं. उलटी असेल तर पलीकडची कड ओढून सरळ करायची. मग पाय मागे मारत पोटावर आडवं चढायचं, कुशीवर वळायचं आणि शेवटी बसायचं. घाईत गुडघा आधी टाकला की पुन्हा पाण्यात. काकांना पाचव्यांदा जमलं आणि पोहण्यात पदकं मिळवलेल्या एका गृहस्थांना त्याहून जास्त वेळ लागला. दोन माणसांच्या कायाकच्या जोड्या कुणाच्या करायच्या हे त्या संध्याकाळी ठरलं. नवराबायको एका कायाकमध्ये नकोत, हा माझा हट्ट. एकमेकांना सूचना देण्यात त्यांची वल्ही थांबतात.

भाड्यानं देणाऱ्याची लाईफजॅकेटं ‘फ्री साइज’ होती. फ्री साइज म्हणजे कुणाच्याच मापाची नाहीत. तपासायची पद्धत अशी: सगळे पट्टे आवळायचे आणि दुसऱ्यानं खांद्यावर धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते पाण्यातही वर सरकणार आणि माणूस खाली. शाळेच्या बाई आणि भाची दोघींची या चाचणीत गेली. त्यांच्यासाठी लहान मापाची मागवली. प्रत्येक जॅकेटला शिट्टी. चपला नाहीत, जुने बूट, कालवांमुळे. खाडीच्या पाण्यात शहराचं सांडपाणी असतं, म्हणून जखम झाली तर आधी बाटलीतल्या स्वच्छ पाण्यानं धुवायची आणि घरी जाऊन डॉक्टर. मोबाइल पाणबंद पिशवीत आणि अंगावर. कायाकला बांधलेला मोबाइल कायाकसोबत निघून जातो.

किनाऱ्यावर एक माणूस ठेवला. हे काम आखणाऱ्या मुलाच्या बहिणीकडे दिलं आणि तिला तोंडी न सांगता कागदावर लिहून दिलं. सव्वानऊला फोन अपेक्षित. पावणेदहापर्यंत आला नाही तर मुलाला आणि नाखव्याला फोन करायचा. दहाला सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४. ‘काळजी वाटली तर फोन कर’ ही सूचना निरुपयोगी असते. काळजी वाटायला लागली की माणूस अजून पाच मिनिटं थांबू म्हणतो आणि तास घालवतो.

आणि मग शनिवारी टेंपो उशिरा आला.

सव्वासातच्या ऐवजी सात पंचावन्नला शेवटची कायाक पाण्यात उतरली. वारा नाहीसाच, पाणी काचेसारखं, डाव्या काठावर एक खंड्या. अशा सकाळी कुणालाच घड्याळ बघायचं नसतं. साडेआठला आम्ही जेमतेम सव्वा किलोमीटर आलो होतो. ठरलेल्या पहिल्या मोठ्या वळणाच्या अलीकडेच. पुढच्या कायाकमधून अपेक्षित सूर आला: एवढ्यासाठी आलो का, अजून वीस मिनिटं, पाणी तर शांत आहे. मी सगळ्यात शेवटी होते आणि मुद्दाम गप्प बसले. मुलानं वल्हं आडवं उचललं, म्हणजे थांबा, आणि फिरायची खूण केली. कुणी कुरकुर केली, कुणी फोटो काढला. सगळे फिरले. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त कौतुक त्या अर्ध्या मिनिटाचं आहे. गणित कुणीही करतं. साठीच्या काकांचा पडलेला चेहरा बघून ते टिकवणं अवघड असतं.

नऊच्या आधी जेट्टी दिसायला लागली. तिथे फेरी आडवी जाते. ठरलं होतं की फेरीच्या वाटेवर येण्याआधी सगळ्यांनी जवळ यायचं, फेरी गेली की तिच्या लाटेकडे नाक करायचं आणि मग एकदम पलीकडे जायचं. भाची आणि शाळेच्या बाई एका कायाकमध्ये होत्या. भाचीनं मागे वळून फेरीचा फोटो काढायला फोन काढला, कायाक लाटेला आडवी झाली आणि दोघी पाण्यात. बाईंनी कायाक धरली. वल्हं मात्र सुटलं. तलावातला सराव इथे कामाला आला: दुसऱ्या कायाकवाल्यांनी बाजूला येऊन त्यांची कायाक धरली, बाई पहिल्या प्रयत्नात चढल्या, भाची दुसऱ्या. तोपर्यंत सुटलेलं वल्हं शांतपणे आत, जेट्टीच्या दिशेनं तरंगत गेलं होतं. नाखव्यानं ते तिवरांच्या कडेवरून उचलून आणलं. ओहोटी असती तर त्याच वेळात ते वल्हं, आणि हात सुटला असता तर भाचीही, फेरीच्या वाटेवरून खुंटांकडे निघाली असती.

जेट्टीवर सगळे येईपर्यंत नऊ वाजून गेले होते आणि पाणी अजून आत येत होतं. बहिणीला फोन झाला. उरलेला अर्धा तास वाया गेला नाही: जेट्टीच्या आतल्या बाजूला, फेरीच्या वाटेपासून लांब, भरलेल्या पाण्यात सगळे मनसोक्त वल्हवले. उशीर झाला तर हेच करायचं असं आराखड्याच्या तळाशी लिहिलेलं होतं. काकांनी तिथे एकट्यानं कायाक चालवली आणि तीच त्यांची साठी झाली.

नंतर आम्ही आराखडा पुन्हा वाचला. तीन गोष्टी कमी पडल्या होत्या. जादा वल्हं सोबतीच्या होडीत होतं, ते गटातल्या शेवटच्या कायाकवर हवं, कारण होडी वल्हं शोधायला गेली की तेवढा वेळ गट एकटा पडतो. बायकांना कपडे बदलायला जेट्टीजवळ जागा नव्हती आणि भिजलेल्या दोघी तशाच रिक्षानं घरी गेल्या. नऊ जणांच्या यादीत हा मुद्दा कुणालाच आधी सुचला नव्हता, मलासुद्धा कुणी विचारलं नव्हतं. आणि टेंपो. कायाक आदल्या रात्री आणून सोसायटीत ठेवता आल्या असत्या.

गटाला अजून मनोरीची जेट्टी गाठायची आहे. साधारण एकोणतीस-तीस दिवसांनी तीच तिथी, तेच पाणी परत येतं. या वेळी ती रविवारी येते, म्हणून गळालेला ऑफिसवालाही येणार आहे. मार्चच्या मध्याला सूर्योदय वीसेक मिनिटं लवकर होतो, म्हणजे सात वाजता निघता येईल. पण खारा वाराही मार्चपासून लवकर आणि जोरात चढतो, त्यामुळे साडेआठ तेच राहतील. दीड तासात तीन किलोमीटर. मुलाच्या हिशेबात तेवढ्यात जेट्टी हाती लागत नाही, लांबून दिसेल इतकंच. मार्वेहून निघालो तर लागेल, असं त्यानं पुन्हा लिहिलं आहे. त्यासाठी भांगाचं पाणी, भरतीच्या आतच परत मार्वेला येणं आणि दोन सोबतीच्या होड्या, असं मी कळवलं. काकांनी दूरवरून बघायचं कबूल केलं आहे. टेंपोवाल्याला साडेपाचची वेळ दिली आहे.